मुंग्यांनी आधी ओळखलं

प्रश्न: डॉक्टर, माझा धाकटा भाऊ ३९ वर्षांचा. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, ११ वर्षं ओलान्झापिन चालू. आवाज ऐकू येणं थांबलंय, घरच्या दुकानावर थोडा वेळ बसतो, कुणाला त्रास नाही. दोन महिन्यांपासून मात्र सारखं पाणी पितो, वर थंड पेयाच्या दोन बाटल्या. रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठतो. सहा किलोंनी उतरलाय. वडील मधुमेहानं गेले. मागच्या माडाच्या बुडाशी तो जातो, तिथं मुंग्या लागतात असं आई म्हणते. इस्पितळात नेलं तर तिथल्या डॉक्टरांनी फाईल चाळून ‘अशा पेशंटना पाणी प्यायची सवयच असते, मानसोपचारवाल्यांना दाखवा’ म्हणून परत पाठवलं. आमच्या मानसोपचार डॉक्टरांची तारीख महिन्यानं आहे. गोळ्यांनीच शरीर पोखरलं, बंद करूया, असं आईचं म्हणणं. तिनं देवाला कौलही लावला, उजवा मिळाला. बंद करू का? आणखी एक. आई ६८ वर्षांची. वर्षभर ती गप्प, सुस्त झालीय. मेच्या उकाड्यातही शाल घेऊन बसते, आवाजही घोगरा झालाय. सगळे म्हणतात भावाच्या काळजीनं, नाहीतर हे घराण्यातलंच. तसं असतं का?
– एक वाचक, फोंडा तालुका

ताई,

तुमचं पत्र आलं त्याच दुपारी तुम्हाला माझा एका ओळीचा निरोप मिळाला असेल: ‘आजच जवळच्या आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबावर साखर बघा, उद्यावर टाकू नका.’ या सदराची उत्तरं अशी धावतपळत जात नाहीत, पण माडाच्या बुडाशी मुंग्या आहेत हे वाचल्यावर दोन आठवडे छापायची वाट बघणं मला जमलं नसतं. साखर ४१२ निघाली. लघवीत कीटोन (साखर फार बिघडली की शरीरात साठणारे आम्लपदार्थ) नव्हते, उलटी नव्हती, शुद्ध नीट होती, म्हणून दाखल करावं लागलं नाही. थोडे दिवस इन्सुलिन आणि सोबत मेटफॉर्मिन सुरू झालं. हे सगळं तुम्ही कळवलंत. तुमच्या परवानगीनं उरलेलं उत्तर इथं देते.

आधी आईला शाबासकी द्या. मधुमेह या नावातच मध आहे तो लघवीतल्या गोडव्यामुळे. जुने वैद्य मुंग्यांवरूनच तो ओळखत. तुमच्या घरात दोन महिने सगळे भावाच्या फायलीकडे बघत होते, आई जमिनीकडे बघत होती.

त्या इस्पितळातल्या डॉक्टरांना मी सरसकट चुकीचं म्हणणार नाही. स्किझोफ्रेनियाच्या काही रुग्णांना बादलीच्या हिशोबात पाणी प्यायची ओढ लागते, हे खरंच आहे. त्यात रक्तातलं सोडियम उतरतं, माणूस गोंधळतो, कधी झटकेही येतात. ओलान्झापिननं काहींचं तोंड सुकतं, ती दुसरी तहान. लिथियम घेणाऱ्या काहींची मूत्रपिंडं पाणी धरून ठेवेनाशी होतात, ती तिसरी. चौथी साखरेची. चौघांच्याही हातातला तांब्या दिसायला सारखाच. पण नुसत्या पाण्याच्या ओढीनं कुणी सहा किलो उतरत नाही. पट्टीवर रक्ताचा एक थेंब ठेवला असता तर मिनिटाच्या आत निकाल लागला असता. अंदाज केला त्याचं काही नाही. अंदाज करून थांबले, तिथं घोटाळा झाला. शिवाय कोरड्या तोंडाला थंड पेय बरं वाटतं, त्यानं साखर चढते, चढलेल्या साखरेनं पुन्हा तहान लागते. तुमच्या भावाच्या त्या दोन बाटल्या या चक्रातल्या होत्या.

दुसऱ्याच्या चुकीवर एवढं बोलले, आता माझी सांगते. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. वॉर्डातली एक बाई, क्लोझापिन या स्किझोफ्रेनियाच्याच औषधावर असलेली, आठवडाभर एकच सांगत होती: पोटात साप शिरलाय, वेटोळं घालून बसलाय, आता वर सरकतोय. मी केसपेपरवर ‘भ्रम’ लिहिलं आणि गोळी वाढवली. तिच्या पोटाला हातही लावला नाही. तिसऱ्या रात्री आयेनं मला उठवून नेलं. पोट घुमट वाद्याच्या कातड्यासारखं ताणलेलं, उशाशी हिरवट ओकारी. सर्जननं एक्स-रे उजेडाला धरला आणि एक शब्द न बोलता फुगलेल्या आतड्यांवरून बोट फिरवलं. वेटोळीच होती ती. क्लोझापिन आतड्यांची हालचाल मंद करतं. बाईला नऊ दिवस शौचाला झालं नव्हतं आणि नर्सच्या वहीत ते रोज लिहिलेलं होतं. ती वाचली, आतड्याचा हातभर तुकडा मात्र गेला. या गोळीनं पांढऱ्या पेशी घटू शकतात म्हणून पहिले १८ आठवडे आम्ही दर आठवड्याला रक्त काढतो. पोट साफ होतं का, हे विचारायला सुईसुद्धा लागत नाही. मी ते विचारलं नव्हतं.

असं होतं कारण फाईलवर एकदा मनाचा आजार लिहिला गेला की पुढं त्या माणसानं सांगितलेलं सगळंच त्या खात्यात जमा होतं. छातीत दुखलं तर घाबरलाय, दम लागला तर नाटक, वजन उतरलं तर जेवत नसेल. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात. लोकांना वाटतं आत्महत्येनं. तीही आहेच, पण जास्त जण जातात हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसांचे आजार, जंतुसंसर्ग अशा रोजच्या, उपचार करता येणाऱ्या दुखण्यांनी. एके काळी पणजीत मनाचं इस्पितळ आल्तिनोच्या टेकडीवर होतं आणि मेडिकल कॉलेज खाली मांडवीच्या काठाला. आता दोन्ही बांबोळीला आहेत, एकीकडून दुसरीकडे चालत जाता येतं. आम्हा डॉक्टरांच्या डोक्यातली टेकडी उतरायला अजून वेळ लागतोय.

आता गोळ्यांचं. गोळीनं झालं का? बऱ्याच अंशी हो, आणि हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही वजन आणि साखर वाढवण्यात सगळ्यांत पुढची औषधं. भूक आवरणारे मेंदूतले काही दरवाजेच ती अडवतात, म्हणून पोट भरलं तरी भरल्यासारखं वाटत नाही. शिवाय इन्सुलिनचं कामही बिघडवतात. रात्री अकराला बिस्किटांचा डबा शोधणारा माणूस हावरट नसतो, त्याला खरी भूक लागलेली असते. पण सगळं खापर गोळीवर फोडता येत नाही. या जातीचं पहिलं औषध, क्लोरप्रोमाझिन, मनोरुग्णांना द्यायला सुरुवात झाली १९५२ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, १८७९ मध्ये, हेन्री मॉड्स्ली या इंग्रज मनोविकारतज्ज्ञानं लिहून ठेवलंय की ज्या घराण्यांत वेड आढळतं त्यांत मधुमेहही बऱ्याचदा दिसतो. तुमच्याच पत्रात आहे, वडील मधुमेहानं गेले. म्हणजे जमीन आधीची होती, गोळीनं पाणी घातलं.

बंद करायची का? नाही. एक दिवसही नाही, आणि डॉक्टरांना न विचारता अर्धीही नाही. ती थांबवली तर आजार उलटण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, आणि उलटलेल्या आजारात साखरेची गोळी कोण घेणार, इन्सुलिन कोण टोचून घेणार? फिनलंडमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ६२,२५० रुग्णांची २० वर्षांपर्यंतची नोंद तपासली गेली, ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. ही औषधं अजिबात न घेतलेल्यांत त्या काळात ४६ टक्के मृत्यू, घेणाऱ्यांत २६ टक्के. आता, गोळी नियमित घेणारी माणसं बाकीचीही काळजी जास्त घेत असतील, त्यामुळे सगळा फरक गोळीचाच असं मी म्हणणार नाही. पण गोळ्या शरीर पोखरून लवकर मारतात, हा आईचा हिशोब या आकड्यांत बसत नाही, एवढं नक्की. बदलायची का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. साखर-वजनाला कमी त्रास देणारी औषधं आहेत, एरिपिप्राझोल त्यांतलं एक. ११ वर्षं ज्या गोळीवर माणूस स्थिर आहे ती बदलायची तर जुनी हळूहळू उतरवत, नवी चढवत, आणि घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून. कदाचित तुमचे डॉक्टर म्हणतील की गोळी तीच ठेवू आणि मेटफॉर्मिननं वजन-साखर सांभाळू. तोही पुष्कळदा शहाणपणाचा निर्णय असतो. हे ठरवायला महिनाभराची तारीख धरून बसू नका. फोन करा, ‘साखर ४१२ निघाली’ एवढंच सांगा, तारीख अलीकडे येईल.

आणि कौलाचं. देवाला प्रश्न कसा घातला होता, ते आईला विचारा. ‘गोळ्या बंद करू का’ असा की ‘माझा झील (मुलगा) बरा होईल का’ असा? बहुतेक आया दुसरा घालतात आणि उत्तर पहिल्याला लावतात. दुसऱ्याचा कौल उजवा मिळाला असेल तर माझंही देवाशी भांडण नाही.

पुढच्या वेळी इस्पितळात जाल, आणि जावं लागेलच, तेव्हा बोलायचा क्रम बदला. तुम्ही बहुधा सुरुवात केली असणार, ‘डॉक्टर, हा मानसिक पेशंट आहे, आणि…’ ऐकणाऱ्याचा कान त्या शब्दावरच बंद होतो. त्याऐवजी म्हणा: ‘दोन महिन्यांत सहा किलो वजन गेलंय, रात्री सहा वेळा लघवीला उठतो, वडिलांना मधुमेह होता.’ एवढं ऐकून त्यांचं पेन चालायला लागलं की मग आजार आणि गोळ्यांची यादी सांगा. लपवायचं काहीच नाही, फक्त मागून सांगायचं. तरीही परत पाठवायला लागले तर आवाज न चढवता विनंती करा: ‘तपासणीची गरज नाही असं केसपेपरवर लिहून द्याल का?’ असं लिहून देणारा डॉक्टर मी फारसा पाहिलेला नाही. बहुतेक जण त्याऐवजी रक्त काढतात. हा तुमचा हक्कही आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम २१ सांगतं की मानसिक आजार असलेल्या माणसाला आरोग्यसेवेत शारीरिक आजार असलेल्याइतकीच वागणूक मिळाली पाहिजे; तातडीचे उपचार आणि रुग्णवाहिकासुद्धा त्यात आल्या. कायदा तोंडावर फेकू नका, पण माहीत असू द्या.

उलट्या, पोटदुखी, खोल आणि भरभर श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, झापड, यांतलं काही दिसलं तर त्याच क्षणी १०८ ला फोन. रात्र आहे, सकाळी बघू, असं करायचं नाही.

जेवणाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण विचाराल. शीत-कडी, म्हणजे भात-आमटी, बंद करायला सांगणारा डॉक्टर गोव्यात फार दिवस ऐकला जात नाही. शीत निम्मं करा, नुस्तं (मासळी) आणि भाजी वाढवा, पेज आजारपणापुरती ठेवा. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळ-संध्याकाळ दारात येतो, त्यातली एक वेळ कमी. थंड पेय घरात आणूच नका, त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा ते सोपं. ताटलीत कापलेली तवशी (काकडी) आणि उकडलेले चणे समोर ठेवा. हाताशी जे असतं ते खाल्लं जातं. चवथीला नेवऱ्या एक-दोन खाऊ देत, गणपतीवरच्या माटोळीखाली बसून त्याला एकट्याला उपाशी बघायला लावू नका. चालायला मात्र ‘जा रे, जरा फिरून ये’ म्हणून तो जाणार नाही. कुठलीही गोष्ट सुरू करायची उमेद कमी होणं हा या आजाराचाच भाग आहे, त्याला आळशी म्हणून काही हशील नाही. रोज एक काम द्या ज्यात अर्धा तास चालणं आपोआप येतं: दुकानातली उधारीची वही कुणाकडे पोचवायची, देवळातून फुलं आणायची. पहिले पंधरा दिवस कुणीतरी सोबत जा. पायात चपला हव्यात, अनवाणी नको. आणि रात्री निजताना तळपाय बघायची सवय लावा.

त्याच्या सिगारेटबद्दल तुम्ही दुसऱ्या निरोपात लिहिलंत: रोज एक पाकीट, आणि साखरेच्या डॉक्टरांनी ताबडतोब सोडायला सांगितलंय. सोडायलाच हवी. पण त्याआधी मानसोपचार डॉक्टरांच्या कानावर घाला. सिगारेटच्या धुरातले घटक यकृताला ओलान्झापिन भरभर जाळायला लावतात. धूर थांबला की तीच गोळी रक्तात जास्त साठते. मग झापड, सुस्ती, चक्कर. डोस कमी करावा लागू शकतो. हे धुरामुळे होतं, निकोटिनमुळे नाही, म्हणून निकोटिनची पट्टी किंवा च्युइंगम लावलं तरी हिशोब तोच. एखादा रुग्ण आठवडाभर इस्पितळात राहतो, तिथं सिगारेट मिळत नाही, आणि घरचे म्हणतात ‘इस्पितळात गेल्यापासून गुंगच असतो’, यामागं अनेकदा एवढंच असतं. घरी येऊन पुन्हा ओढायला लागला की उलटा प्रकार: गोळी अपुरी पडते.

आता आई. तुमच्या पत्रातलं भावाबद्दलचं वाचून मला घाई झाली आणि आईबद्दलच्या ओळी वाचून चीड आली. तुमची नाही, ‘घराण्यातलंच’ म्हणणाऱ्यांची. भावाच्या बाबतीत शरीराचं दुखणं मनाच्या खात्यात टाकलं गेलं. आईच्या बाबतीत तर तिला मनाचा आजार असल्याचं कुणी ठरवलेलंही नाही, नुसत्या नात्यानं तिला त्या खात्यात घातलं. मेच्या गोव्यात शाल! घोगरा आवाज, सुस्ती. बद्धकोष्ठ, सुजलेला चेहरा, कोरडी कातडी, विरळ होत गेलेले केस, हेही असेल तर बघा. ही थायरॉईड मंदावल्याची चिन्हं आहेत. अशी बाई उदास दिसते, विसरते, कशातच रमत नाही, आणि वर्षानुवर्षं नैराश्याच्या किंवा झोपेच्या गोळ्या खात राहते. टीएसएच नावाची एक रक्ततपासणी पुरते. सोबत हिमोग्लोबिन आणि बी-१२ बघून घ्या. त्यांच्या कमतरतेतही माणूस असाच थकतो. भावाचंही बी-१२ अधूनमधून बघायला सांगा, मेटफॉर्मिननं ते वर्षांनुवर्षांत उतरतं.

आणि तपासण्या ठीक निघाल्या तर? मग ते नैराश्य असू शकतं, तिचं स्वतःचं, भावाकडून उधार घेतलेलं नव्हे, आणि त्यावर उपचार आहेत. आपल्याकडे बाया उदास आहोत असं सांगत नाहीत. अंग मोडून येतं, हातापायांना मुंग्या येतात, जेवण जात नाही, असं सांगतात. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातच, सरकारी आरोग्य केंद्रं आणि खाजगी दवाखाने मिळून २४ ठिकाणी, अशा लोकांना ओळखून मदत करायला डॉक्टर नसलेले प्रशिक्षित समुपदेशक नेमून पाहिले होते. २०१० मध्ये निष्कर्ष आले: सरकारी केंद्रांत त्याचा चांगला उपयोग झाला. म्हणजे आईला पहिल्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांकडे नेण्याची गरज नाही, गावच्या केंद्रापासून सुरुवात होऊ शकते. रात्री-अपरात्री तुम्हालाच कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या मनाच्या आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो. तुम्ही स्वतःच्या झोपेबद्दल पत्रात एक शब्द लिहिला नाहीत, पण ते पत्र मला पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी पाठवलेलं होतं.

पुढच्या फेरीला भावाच्या दोन्ही फायली एकाच पिशवीत ठेवा: साखरेच्या डॉक्टरांसमोर मनाची, मनाच्या डॉक्टरांसमोर साखरेची. दर खेपेला वजन, कमरेचा घेर आणि रक्तदाब लिहून मागा. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत हवा. तीन महिन्यांची सरासरी साखर आणि चरबीची तपासणी कधी कधी करायची, ते पहिल्या पानावर लिहून घ्या. आईच्या टीएसएचला उपाशी पोटाची सक्ती नसते, पण भावाची उपाशीपोटीची साखर त्याच खेपेत होईल, म्हणून दोघांनाही सकाळीच न्या. चहाचा थर्मास आणि पाव सोबत ठेवा, रक्त दिल्यावर आईला भूक लागेल.